नीडलला आलेली मिशी

नीडल पांढरी होती आणि तिच्या दोन्ही टोकांना काळी लव आली होती. मधला भाग स्वच्छ. लव फक्त टोकांनाच का, हे कळायला फार शिकावं लागत नाही, चुंबकाची ताकद टोकांशीच जास्त असते. बोटाने पुसलं की बोट काळं व्हायचं आणि लव होती तेवढीच राहायची. हिबाला ही लव आवडत असे. आपण काम केल्याचा तेवढाच एक पुरावा डोळ्यांना दिसत होता, बाकीचं सगळं आलेखांत होतं.

प्रयोगशाळेत नीडल म्हणतात ती बोटाच्या पेराएवढी कांडी असते. आत चुंबक, वर टेफ्लॉनचं आवरण. फ्लास्कमध्ये ही कांडी टाकायची, फ्लास्क एका यंत्रावर ठेवायचा, यंत्राच्या पोटातलं चुंबक फिरायला लागलं की ही आत गरगरते आणि द्रव ढवळला जातो. पनवेलच्या त्या कॉलेजात संशोधनासाठी चांगली म्हणावी अशी एक नीडल अविनाश सरांच्या कपाटात कुलूपबंद होती, कारण ती नवी होती. दुसरी हिबाकडे होती.

हिबा कॉलेजात तासांवर शिकवायची, म्हणजे वर्षाअखेरीला तिची नोकरी संपायची आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने लागायची. उरलेल्या वेळात ती अविनाश सरांकडे पीएच.डी. करत होती. प्रबंधाचं शीर्षक वाचायला मध्ये एकदा श्वास घ्यावा लागे. घरी तिने ते असं समजावून सांगितलं होतं :

"अब्बा, कितीतरी औषधांत कडी असते. कार्बनची कडी, पण मध्ये कुठेतरी नायट्रोजन बसलेला. ती कडी आपोआप जुळत नाही. जुळवायला मदत करणारी एक काळी पूड मी बनवलीय. आत लोखंडाचा ऑक्साइड, वर वाळूचा पापुद्रा, त्यावर आम्ल. आणि कण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाहीत."

"दिसत नाहीत तर हायत हे कशावरून?" अम्मीने, कुबराने, विचारलं.

"चुंबक लावलं की येतात ना. काम झालं की फ्लास्कला बाहेरून चुंबक धरायचं. पूड सगळी त्या बाजूला चिकटते. द्रव ओतून घ्यायचा, पूड धुवायची, पुन्हा वापरायची."

"किती वेळा?"

"सहा."

"मी चहापत्ती दुसऱ्यांदा उकळली तर तुझे अब्बा कप तसाच परत पाठवतात."

"चहापत्ती लोखंडाची नसते," अब्बा म्हणाले.

अब्बा म्हणजे मुबारक. तरुणपण कुवेतला काढून आलेले आणि आता मशिदीच्या गल्लीत विजेच्या सामानाचं दुकान चालवणारे. संशोधनात त्यांचाही वाटा होता. हिबाला चांगलं चुंबक हवं होतं तेव्हा त्यांनी कुवेतहून आणलेल्या कॅसेट डेकचा स्पीकर स्वतःच्या हाताने उघडला होता आणि आतलं कडं काढून तिला दिलं होतं. तेव्हापासून डेक एकाच कानाने गात असे, आणि गिऱ्हाइकाने त्याबद्दल विचारलं की अब्बा सांगत, "दुसरा सायन्सला दिलाय." मग बल्ब बांधून देता देता ते पुढचं सांगत : पूड एकच, आणि वापर सहा वेळा. गिऱ्हाइक बल्ब घेऊन जाई.

सहा हा आकडा हिबाने निवडलेला नव्हता. तिने वाचलेल्या बहुतेक शोधनिबंधांत असली पूड पाच नाहीतर सहा वेळा वापरलेली असे, आणि यील्ड, म्हणजे शंभरातला किती माल हाती लागला तो आकडा, चौऱ्याण्णववरून एक्क्याण्णववर आलेला असे. पूड दमायची, पण अदबीने. हिबाची पूडही तशीच वागली. त्र्याण्णववरून नव्वदवर. तो आलेख बघून अविनाश सर पहिल्यांदाच खुर्चीतून उठले होते.

"उत्तम," ते म्हणाले. "आता सातव्यांदा करू नकोस."

सर मनाने चांगले होते. निवृत्ती जवळ आली होती आणि त्यांच्या हाताखाली आजवर कोणाचीही पीएच.डी. पूर्ण झाली नव्हती. कोणी लग्न करून गेली, निनाद नावाचा एक मुलगा औषध कंपनीत गेला आणि दर दिवाळीला मिठाई पाठवू लागला. सरांना मिठाईपेक्षा प्रबंध हवा होता. कोणताही प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला की ते चष्मा काढत, पुसत आणि म्हणत, "बघू." चष्मा कायम लख्ख असे.

हिबाची एक सवय इथे सांगायला हवी. ती नीडल धुताना घासत नसे. अल्कोहोलमधून एकदा अलगद फिरवायची आणि झाकणाच्या काचेच्या ताटलीत ठेवून द्यायची. टोकांना चिकटलेली पूड ही तिने आठवडाभर खपून बनवलेली पूड होती, ती मोरीत घालवणं तिला जमलं नसतं. त्यांच्या घरात दुधाचं पातेलं खरवडल्याशिवाय घासायला पडत नाही, आणि ज्या घरात मूल हे बघत मोठं होतं त्या घरातलं मूल नीडलही खरवडत नाही, जपतं. प्रयोगशाळेतला शिपाई महादेव कोन गावचा. त्याने एकदा ताटलीत डोकावून बघितलं होतं.

"मॅडम, हिला तर मिशी आली! आमच्या नाक्यावरच्या हवालदाराची आशीच हाय."

"हात नको लावू, महादेव."

"नाय लावत. हवालदाराला कोण हात लावंल?"

तेव्हापासून नीडलचं नाव हवालदार पडलं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांचा निबंध ज्या नियतकालिकाकडे गेला होता तिथून परीक्षकाचं उत्तर आलं. निबंध चांगला आहे, फक्त हीच अभिक्रिया पूड न घालता करून काय येतं ते कळवावं. एवढंच.

"शून्य येणार," सर म्हणाले. "करून टाक, म्हणजे पाठवून देऊ."

हिबाने फ्लास्क घेतला. बदामासारखा वास येणारा आल्डिहाइड घातला, युरिया घातला, फळांसारखा गोडसर वास असलेला एक द्रव घातला, अल्कोहोल घातलं, नीडल सोडली. पूड घातली नाही. उकळवलं, थंड केलं, बर्फावर ओतलं. बर्फावर काही पडायला नको होतं. पांढराशुभ्र साका पडला. तिने तो गाळला, सुकवला, तोलला. यील्ड सत्त्याऐंशी.

तिने पुन्हा केलं. शहाऐंशी.

अविनाश सरांनी दोन्ही कुप्या उजेडात धरून बघितल्या.

"म्हणजे आपण जी पूड एवढी मेहनत करून बनवली..."

"ती न बनवताही चालतं, सर."

सरांनी चष्मा काढला. "युरिया बदलून बघ."

हिबाने युरिया बदलला. अल्कोहोल बदललं. फ्लास्क नवा घेतला. बर्फसुद्धा कँटीनऐवजी घरून आणला, त्यावर अम्मीने विचारलं की कॉलेजात आता सरबतही शिकवतात का. मध्ये मध्ये बाकीचं काम ताज्या पुडीने चालूच होतं. दर वेळी तेवढाच पांढरा साका. पूड नसलेल्या फ्लास्कात पूड असल्यासारखं सगळं व्यवस्थित होत होतं. हिबा शांत स्वभावाची होती, तिने कोणाला काही सांगितलं नाही, फक्त त्या आठवड्यात बी.एस्सी.च्या वर्गाला उत्प्रेरकाची व्याख्या सांगताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "पुस्तकात आहे, वाचा."

शुक्रवारी दुपारी ती मोरीवर फ्लास्क धूत होती. महादेव मागून टेबल पुसत आला.

"हवालदार आज ड्युटीवर नाय का, मॅडम?"

"आत्ताच काढला," ती म्हणाली आणि हातातली नीडल तिने ताटलीत ठेवली. मग स्वतःची बोटं बघितली. अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्ही काळी.

पूड न घातलेल्या फ्लास्कातून ती काळी बोटं घेऊन आली होती. पूड तिने घातली नव्हती, हवालदार घेऊन गेला होता. इतक्या महिन्यांची, प्रत्येक प्रयोगातली थोडी थोडी, दोन्ही मिशांत भरून.

सरांनी कपाटाचं कुलूप उघडून नवी नीडल दिली. देताना म्हणाले, "जपून." मग थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे फार जपून नको."

नव्या नीडलने बर्फावर काहीच पडलं नाही. गाळणकागदावर चाटण्याइतकं काहीतरी राहिलं, तोलायला काटा तयार होईना. सर दुसऱ्यांदा खुर्चीतून उठले.

"बघितलंस? पूड लागतेच! पाठव, आजच पाठव."

"सर, पण मग सहाचं काय?"

"कोणतं सहा?"

"सहा वेळा वापरली ते. तेव्हाही जुनीच नीडल होती. आणि ते सहा प्रयोग मी सलग नाही केले. मधल्या दिवसांत बाकीची संयुगं करत होते, ताजी पूड घेऊन, त्याच नीडलने. म्हणजे दर खेपेला मिशीत ताजी पूड भरत होती. पूड दमली का नाही ते आपल्याला कळलंच नाही. दर वेळी चुंबकाने गोळा केलेली पूड तोलली तर कमी भरत होती आणि यील्ड मात्र तेवढीच. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

सर बसले.

"परीक्षकाने ते विचारलंय का?"

"नाही."

"मग झालं तर. विचारलंय तेवढंच उत्तर द्यावं, हिबा. तोंडी परीक्षेतसुद्धा हेच. न विचारलेलं सांगणारी मुलं मी नापास होताना बघितली आहेत."

विचारलं होतं तेवढं उत्तर गेलं. निबंध स्वीकारला गेल्याचं कळलं, छापायला अजून अवकाश होता. हिबाने दरम्यान नवी पूड बनवली आणि नीडलच वापरली नाही. वरून मोटर लावून काचेच्या दांडीने ढवळलं. काचेला मिशी येत नाही. पहिल्या खेपेला यील्ड ब्याण्णव आली, दुसऱ्या खेपेला एकोणनव्वद. तिसऱ्या खेपेला एक्कावन्न. चौथ्या खेपेला जे आलं त्याला तिने आकडा दिला नाही. वरचं आम्ल धुऊन गेलं होतं, उरलं होतं ते नुसतं लोखंड. चुंबकाकडे मात्र ते पहिल्यासारखंच उत्साहाने धावत होतं.

"सर, दोनच वेळा चालते."

सरांनी चष्मा पुसला. "काचेच्या दांडीचं तुला नीट जमतंय ना?"

"जमतंय."

"बघू. सेमिनारनंतर बघू."

सेमिनार हे नवं होतं. निबंध स्वीकारल्याची बातमी प्राचार्य उदयसिंह सरांपर्यंत गेली होती आणि त्यांनी तत्काळ राज्यस्तरीय परिसंवाद ठरवला होता. कॉलेजच्या फाटकावर फलक लागला. त्यावर हिबाचं नाव होतं आणि त्याखाली, नावापेक्षा मोठ्या अक्षरांत, "सहा वेळा वापरता येणारा चुंबकी उत्प्रेरक!" उद्गारचिन्ह प्राचार्यांचं होतं. त्याच महिन्यात कायम जागेची जाहिरातही निघाली. प्रबंध एप्रिलपर्यंत सादर झालेला हवा. प्राचार्यांनी हिबाला जिन्यात गाठून सांगितलं, "आता तुम्ही आमच्याच. फक्त तेवढं सबमिशन." निबंध मागे घ्यायचा तर प्रबंधातलं मधलं प्रकरण पडत होतं, प्रकरण पडलं तर एप्रिल जात होता, आणि एप्रिल गेला की जागा दुसऱ्या कोणाची, आणि हिबा पुन्हा जूनपासून तासांवर. हे सगळं तिला पाठ होतं. ठरवायचं हे तिने ठरवलं होतं, काय ते तेवढं राहिलं होतं.

जानेवारीत तिने ठरवलं की फेब्रुवारीत ठरवू.

एका संध्याकाळी दुकान बंद करून अब्बा आले आणि जेवायला बसता बसता म्हणाले, "आज कळंबोलीचा तो लोखंडवाला व्यापारी आला होता. मी म्हटलं, तुम्ही लोखंड एकदा विकता नि विसरता. माझी लेक एकच लोखंड सहा वेळा कामाला लावते."

"अब्बा, सहा... कदाचित सहा नसेल."

अब्बांचा हात घासासकट थांबला. चेहरा उजळला.

"मग सात?"

हिबाने भात कालवला. अम्मी तिच्याकडे बघत होती.

"सात नाय वाटतं," अम्मी म्हणाली. "सात असतं तर पोरीने बोंबलाचं कालवण तरी मागून घेतलं असतं."

"तू मध्ये बोलू नकोस, कुबरा, हे सायन्स आहे."

"हां, सायन्स. आणि जेवत नाय ते?"

त्या रात्री हिबाने स्वतःशी एक तडजोड केली आणि ती सरांच्याच नियमाने केली. विचारलंय तेवढंच उत्तर द्यायचं. परिसंवादात कोणी विचारलं, तर खरं सांगायचं. सभागृहभर रसायनशास्त्राची माणसं येणार होती, एवढ्या लोकांत एकाला तरी शंका येईलच. फलकावर उद्गारचिन्ह असताना शंका न येणारा रसायनशास्त्रज्ञ तिने अजून बघितला नव्हता. हे ठरल्यावर तिला झोप लागली.

परिसंवादाच्या दिवशी प्रमुख पाहुणे पळस्प्याच्या चौकात अडकले आणि सकाळचं उद्घाटन दुपारी झालं. त्यामुळे हिबाचं व्याख्यान जेवणानंतर आलं. सत्राच्या अध्यक्ष पुण्याहून आलेल्या नीता मॅडम होत्या. तिसऱ्या रांगेत अब्बा कडक इस्त्रीचा पठाणी घालून बसले होते, शेजारी अम्मी. पहिल्या रांगेत अविनाश सर, त्यांच्या बाजूला प्राचार्य.

हिबा बोलली. कडी कशी जुळते ते सांगितलं. पूड कशी बनते ते सांगितलं. मग काळ्या पाण्याची बाटली वर धरून तिला बाहेरून स्पीकरचं कडं लावलं. काळं सगळं सरसर एका बाजूला गेलं आणि पाणी निवळलं. सभागृहातून "वा" आलं. अब्बा आजूबाजूला बघत होते, की ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी आता बघावं. मग पडद्यावर तो आलेख आला, सहा खांबांचा, सगळे जवळजवळ एकाच उंचीचे. हिबा त्यावर जरुरीपेक्षा थोडी जास्त थांबली. म्हणाली, "हा पुनर्वापराचा आलेख." पुढची पारदर्शिका आभाराची होती.

"प्रश्न?" नीता मॅडम म्हणाल्या.

मागून एक हात वर आला. हिबा माइकजवळ सरकली.

"मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

"नाही."

मुलगा खाली बसला. मग एका प्राध्यापकांनी विचारलं की ही पूड पनवेलच्या हवेत गंजते का. हिबाने सांगितलं, गंजत नाही, आधीच गंज आहे. लोक हसले. प्राध्यापक हसले नाहीत, त्यांनी ते टिपून घेतलं. शेवटी नीता मॅडमनी स्वतः विचारलं, "चुंबक कोणतं वापरलंत?"

"स्पीकरमधलं. डेकच्या."

तिसऱ्या रांगेत अब्बा अर्धे उठले आणि अम्मीने सदरा ओढून त्यांना खाली बसवलं.

"सुंदर," नीता मॅडम म्हणाल्या. "आणखी कोणाला काही?"

कोणाला काही नव्हतं. पडद्यावर आभाराचं गुलाबाचं फूल होतं. दाराशी महादेव चहाचा थर्मास घेऊन उभा होता आणि अर्धं सभागृह त्या थर्मासकडे बघत होतं. प्राचार्यांनी टाळ्यांसाठी हात तयार ठेवले होते. अविनाश सरांनी पेनाला टोपण लावलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास सोडला, तो पहिल्या रांगेतून हिबाला दिसला.

हिबा वाट बघत राहिली. एवढी माणसं, एवढ्या पदव्या. विचारायला एक शब्द पुरला असता.

"तर मग, चहा," नीता मॅडम म्हणाल्या. खुर्च्या सरकायला लागल्या.

"मॅडम," हिबा माइकमध्ये म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "एक प्रश्न राहिला."

"कोणाचा?"

"कोणी विचारला नाही. पूड किती वेळा चालते, हा."

सरकणाऱ्या खुर्च्या थांबल्या. नीता मॅडमनी पडद्याकडे बघितलं, तिथे गुलाब होता. "फलकावर आहे की," त्या म्हणाल्या. "सहा."

अविनाश सरांनी चष्मा काढला होता, पण पुसत नव्हते. नुसता हातात धरून, न दिसणाऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होते. तिसऱ्या रांगेत अब्बांनी ओठांनी आकडा आधीच जुळवून ठेवला होता.

"दोन," हिबा म्हणाली. "सहा वेळा चालत नाही. आमच्या नीडलला जुनी पूड चिकटलेली होती, ते आम्हाला उशिरा कळलं. पूड दोन वेळा चालते, तिसऱ्यांदा नाही. निबंध मी मागे घेते आहे."